एका शुक्रवारची पंगत : कोल्हापुरातील उपवासकाळाच्या एका जेवणाचे प्रकरण

२०२६ साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजेही सुरू झाले. त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, फाल्गुन शुद्ध एकादशी होती आणि जैन समाजाचे फाल्गुनातील अष्टान्हिका पर्वही चालू होते. कोल्हापुरातील एका कॅथॉलिक धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या भाविकांच्या समुदायाच्या) समितीने सामूहिक जेवणासाठी नेमका हाच दिवस ठरवला. पंचांग कोणी पाहिले नव्हते. चर्चचे सभागृह त्या दिवशी मोकळे होते, एवढेच कारण. क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसाकडच्या प्रवासाची चौदा स्थानकांची प्रार्थना) झाल्यावर सर्वांनी मिळून साधे, मांसवर्ज्य जेवण करावे, त्यातून वाचलेले पैसे उपवासकाळाच्या निधीत टाकावेत आणि चर्चच्या गल्लीतील शेजाऱ्यांनाही पंगतीला बोलवावे, अशी मूळ कल्पना होती. या लेखात त्या संध्याकाळची आणि तिच्या आधीच्या बैठकांची हकीकत आहे. चर्चचे व व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

वरवर पाहता यात अडण्यासारखे काही नव्हते. मांस नसलेले जेवण म्हणजे आपोआप सर्वांना चालणारे जेवण, असे समितीतल्या बहुतेकांनी गृहीत धरले होते. ते तसे नाही हे कळायला पहिली बैठक पुरेशी होती, आणि त्यापुढचा प्रश्न जेवणाच्या पदार्थांचा नसून ते शिजवणाऱ्या हातांचा आहे हे कळायला दुसरी.

शहर आणि शुक्रवार

कोल्हापुरात सोमवार, गुरुवार, शनिवार असे वार पाळणारी घरे पुष्कळ आहेत, पण शुक्रवार त्यांत सहसा येत नाही. अंबाबाईचा वार म्हणून शुक्रवार पाळणारे भाविक सोडले, तर बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे इथले मटणाचे दिवस. ज्या शहरात २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरवाढीविरुद्ध कृती समित्या स्थापन करून रीतसर आंदोलन झाले, तिथे शुक्रवारी मटण टाळणे ही लहान गोष्ट नव्हे. शाळेत, कार्यालयात, तालमीत शुक्रवारचा डबा उघडला की कॅथॉलिक मुलगा वेगळा पडतो, तो इथे.

त्यात कोल्हापुरातील ख्रिस्ती समाज बहुतांशी प्रॉटेस्टंट आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, तेव्हापासून शाळा, दवाखाने आणि चर्च या मार्गाने तो वाढला. त्या परंपरेत शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम नाही. त्यामुळे ‘ख्रिश्चन लोक शुक्रवारी मटण खात नाहीत का?’ या शेजाऱ्याच्या प्रश्नाला इथल्या दोन ख्रिस्ती घरांतून दोन उत्तरे मिळतात. कॅथॉलिक मंडळी तुलनेने थोडी, आणि तीही एका मुशीतली नाहीत: आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागांतून आलेली कोंकणी बोलणारी कुटुंबे, गोव्याची व मंगळूरची घरे, केरळहून नोकरीसाठी आलेले लोक आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी, शहरातलीच घरे. या चौघांचे स्वयंपाकघर चार तऱ्हांचे आहे, हे या प्रकरणात महत्त्वाचे ठरले.

नियम काय सांगतो

कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत १२४९ ते १२५३ या कलमांत प्रायश्चित्ताच्या दिवसांची तरतूद आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास आणि मांसवर्जन दोन्ही असते; उपवास म्हणजे दिवसातून एकदाच पूर्ण जेवण आणि लागल्यास दोनदा थोडा आहार. उपवासकाळातील इतर शुक्रवारी फक्त मांसवर्जन असते, पोटभर जेवायला मनाई नसते. मांसवर्जन वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होते, उपवास १८ ते ५९ या वयातील लोकांना, आणि आजारी माणसाला दोन्हींतून मोकळीक असते. मासे, अंडी, दूध, तूप यांना आज बंदी नाही. पूर्वी ती होती. अंडी, दूध, लोणी हे सगळे उपवासकाळाआधी संपवून टाकण्याच्या चालीतूनच युरोपातल्या कार्निव्हलला आणि गोव्याच्या इंत्रुजला खाण्यापिण्याची धमाल आली. सध्याच्या सैल नियमाला आधार आहे तो पोप पॉल सहावे यांच्या १९६६ च्या आदेशाचा.

म्हणजे २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी नियमाने मागितलेली गोष्ट एकच होती: कोंबडी, बकरा, डुक्कर, गाय यांचे मांस नको. बाकी सगळे समितीने स्वतःहून ओढवून घेतले.

पहिली बैठक : मासळी, रस्सा आणि पनीर

गोव्याकडच्या एका काकींनी सुरुवातीलाच मुद्दा मांडला की शुक्रवारची माशाची कढी ही आमच्या घरात आजीच्या आजीपासून आहे, नियमात बसते आणि भाताबरोबर शंभर माणसांना पुरते. मंगळूरच्या आणि केरळच्या मंडळींनी मान डोलावल्या. यावर धर्मगुरूंचे म्हणणे असे होते की नियमात बसते हे खरे, पण कोकणातून घाट चढून कोल्हापुरात येणाऱ्या सुरमईचा भाव पाहता मटण सोडून मासा घेणे म्हणजे त्याग करताना वरचढ पदार्थ घेण्यासारखे होईल. बांगडा स्वस्त असतो असे काकींनी लगेच सुनावले. तो मुद्दा योग्य होता आणि धर्मगुरूंनी तो मान्यही केला. मासळी अखेर वगळली गेली ती वेगळ्याच कारणाने: पाहुण्यांत दोन घरे जैन आणि एक माळकरी होते, आणि एका सभागृहात माशाची कढी उकळत असताना त्यांना शेजारच्या पातेल्यातले वाढणे बरे दिसले नसते.

मग एका तरुणाने अगदी गंभीरपणे विचारले की पीस न घेता नुसता रस्सा चालेल का. हसू पिकले, पण कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे की हा प्रश्न इथे थट्टेचा नाही. तांबडा आणि पांढरा रस्सा हे दोन्ही मटणाच्या अळणी पाण्यावर बनतात, आणि ‘नुसता रस्सा’ खाणारी माणसे स्वतःला त्या दिवसापुरती जवळजवळ शाकाहारी समजतात. उत्तर ‘नाही’ असे मिळाले.

तिसरा प्रस्ताव खर्चाचा होता आणि सर्वांत मोहक. धर्मग्रामातील एका सुस्थितीतल्या गृहस्थांनी केटरर लावून देण्याची तयारी दाखवली. पनीर, व्हेज कोल्हापुरी, पुलाव, जिलेबी, ताटामागे अडीचशे रुपये, सगळा खर्च त्यांचा. तरुणांच्या गटाला हे फार आवडले. माझ्या मते समितीने या बैठकीत घेतलेला सर्वांत योग्य निर्णय म्हणजे या देणगीला दिलेला नम्र नकार. मांस नाही म्हणून पनीर, गोड, तळलेले यांनी ताट भरले की ती लग्नाची पंगत होते आणि उपवासकाळाशी तिचा संबंध फक्त तारखेपुरता उरतो. बायबलमधील यशयाच्या ग्रंथातील ५८ व्या अध्यायात खऱ्या उपवासाचे लक्षण म्हणून भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे सांगितले आहे. तिथे भाकरी म्हटले आहे आणि कोल्हापुरात ती सहज मिळते, एवढीच टिप्पणी धर्मगुरूंनी केली. त्या गृहस्थांना सुचवण्यात आले की तीच रक्कम उपवासकाळाच्या निधीत द्यावी. त्यांनी निम्मी दिली. केटररवर खर्चायला पूर्ण रक्कम तयार होती आणि निधीसाठी निम्मी, यावर समितीने भाष्य केले नाही आणि मीही करत नाही.

जेवण ठरले: अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, भात, खर्डा आणि ताक. सुमारे १२० माणसांसाठी सात किलो मसूर आणि आठ किलो तांदूळ. भाकऱ्या घराघरांतून यायच्या होत्या, दर घरी दहा, अशा तीस घरांतून तीनशे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गावोगावच्या बायकांनी थापलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून पूरग्रस्तांसाठी पाठवल्या गेल्या होत्या, त्यामुळे ही पद्धत कोणाला समजावून सांगावी लागली नाही. फडके, दहा भाकऱ्या, वर कांदा नको, साडेपाचच्या आत. एवढा निरोप पुरला.

एक पदार्थ सर्वांना

अडचण पाहुण्यांच्या यादीवरून पुन्हा नजर फिरवताना आली. एसटीतून निवृत्त झालेले माळकरी काका एकादशीला धान्यच खाणार नव्हते. त्यांना मसूर, भाकरी, भात यांतले काहीच चालत नव्हते. त्यांच्यासाठी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी करावी म्हटले तर सोबत बटाटा किंवा रताळे आले, आणि ते जैन कुटुंबांना कंदमूळ म्हणून वर्ज्य. कांदा-लसूण मसाला घातलेला अख्खा मसूर तर जैनांनाही नाही आणि माळकऱ्यालाही नाही. दोन मुस्लिम कुटुंबांची मात्र काही अटच नव्हती. मांस नसल्यामुळे हलालचा प्रश्न उरला नव्हता. सर्वांना निःसंशय चालेल अशा वस्तू शोधत गेल्यावर यादीत केळी, खजूर आणि दूध एवढेच उरले.

इथे समितीने काही वेळ चुकीच्या दिशेने घालवला. सर्वांत कडक पथ्य असलेल्या पाहुण्याच्या मापाने सगळाच स्वयंपाक करावा, असा एक आग्रह होता. तसे केले असते तर शंभर माणसांनी कांदा-लसणाशिवायचा मसूर खाल्ला असता, आणि कोल्हापुरी माणसाने तो खाल्ला असता असे मला वाटत नाही; तीनशे भाकऱ्यांतल्या निम्म्या परत गेल्या असत्या. शेवटी साधा मार्ग निघाला. मुख्य पातेले सर्वांसाठी, त्यातलाच साधा शिजवलेला मसूर फोडणीआधी बाजूला काढून टोमॅटो, सुके खोबरे, तीळ आणि नुसत्या तिखटाची फोडणी दिलेले एक लहान पातेले, आणि वरी व आमटीचे तिसरे. भाकऱ्या, भात, ताक समान.

पातेल्यांचा प्रश्न

दुसऱ्या बैठकीत एका सदस्याने, जे व्यवसायाने हिशेबनीस होते आणि प्रत्येक गोष्ट आधी निस्तरून ठेवायची त्यांची सवय होती, असे सुचवले की सभागृहातली पातेली वापरू नयेत. या पातेल्यांत नाताळला मटण शिजते, ईस्टरला डुकराचे सोरपोतेल शिजते. जैन आणि माळकरी पाहुणे तोंडाने काही बोलणार नाहीत, पण हात आखडता घेतील. त्यापेक्षा शुद्ध शाकाहारी आचाऱ्याकडून भांडी भाड्याने आणावीत, खर्च फार नाही.

प्रस्ताव सद्‌हेतूचा होता. त्यावर मराठी घरांतील एक ज्येष्ठ मावशी, ज्यांच्याकडे भाकऱ्यांची जबाबदारी होती, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आत काय घालायचं ते त्यास्नी विचारा, मी करून देते. पण पातेलं कुणाचं हे इचारायला लागलासा तर मी भाकरी थापणार नाही. आमच्या आजीचं पाणी कुणी घेत न्हवतं, ते तरी मला ठाऊक हाय.”

बैठकीत कोणी काही बोलले नाही. गोव्याच्या आणि केरळच्या सदस्यांना या वाक्याचे वजन लगेच समजले नसावे. मराठी सदस्यांना समजले. इथल्या ख्रिस्ती घरांपैकी कित्येकांच्या पूर्वजांनी अस्पृश्यता भोगलेली आहे, आणि भांडे, पाणवठा, हात या तीन गोष्टींवरून माणूस बाजूला काढण्याची रीत त्यांच्या घरच्या आठवणींत आहे. पाहुण्याचे पथ्य सांभाळणे आणि पाहुण्यापुढे आपले भांडे लपवणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. मावशींनी त्या वेगळ्या केल्या.

कोल्हापुरात या वादाला एक जुना संदर्भ आहे आणि तो कोणीतरी काढणार हे ठरलेलेच होते. राजवाड्याच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र व्यवसायासाठी मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी काढलेल्या हॉटेलासमोर गाडी थांबवून महाराज स्वतः तिथला चहा घेत आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही घ्यायला लावत. जो संदर्भ आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो, तो या बैठकीत मात्र नेमक्या जागी बसला. महाराजांनी तिथे दुसऱ्याची किटली नेली नव्हती. चहात काय घालावे हा प्रश्न वेगळा होता, तो कोणाच्या हातचा हा वेगळा.

हिशेबनीसांनी प्रस्ताव मागे घेतला, पण एक अट घालून, आणि माझ्या मते ती अट मूळ प्रस्तावापेक्षा मोलाची होती. पाहुण्यांपासून काही लपवायचे नाही. शेजाऱ्यांना निमंत्रण देताना स्पष्ट सांगायचे की जेवण आमच्याच सभागृहात, आमच्याच पातेल्यांत, आमच्याच बायकांनी व पुरुषांनी केलेले असेल. त्यात मांस, मासे, अंडी नसतील. ही पातेली सणाला मांसासाठी वापरली जातात आणि या वेळी गरम पाण्याने, चिंचेने व राखेने घासलेली असतील. मग ज्याला जे चालेल ते त्याने घ्यावे, न घेतले तरी पंगतीत बसावे. भांडी भाड्याने आणली असती तर पाहुण्यांना निवड करावीच लागली नसती, आणि यजमानांना आपण काही दडवले याची खंत राहिली असती.

जैन घरांपैकी एक शिक्षक दांपत्य होते. हे ऐकून पती म्हणाले की मी जेवेन. पत्नी म्हणाल्या की पर्वाचे दिवस आहेत, मी येईन, बसेन आणि फक्त फळे घेईन. दुसऱ्या जैन घराने येणार नाही असे नम्रपणे कळवले. हा तोटा समितीने मान्य केला. सगळ्यांना खूष ठेवणारे उत्तर या प्रश्नाला नाही असे मला वाटते, आणि आहे असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

सूर्यास्ताची अडचण

उरला प्रश्न वेळेचा. जैन पाहुण्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे होते, रोजेदारांना सूर्यास्तानंतर. फेब्रुवारीच्या शेवटी कोल्हापुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. क्रुसाची वाट नेहमी सहाला सुरू होते आणि चौदा स्थानकांना पाऊण तास लागतो. म्हणजे नेहमीच्या वेळेने भक्ती संपेपर्यंत एका पाहुण्याची वेळ निघून गेली असती. भक्ती सव्वापाचला घ्यावी, सहाला सर्वांनी पंगतीत बसावे, सव्वासहाला जैन पाहुण्यांना वाढावे, मगरीबची वेळ झाली की खजूर-पाणी द्यावे आणि त्यानंतर सर्वांना वाढावे, असे ठरले. सर्व जण एकत्र बसलेले आणि तिघांच्या तीन वेळा: हे कागदावर विचित्र दिसते. एका सदस्याने म्हटले की मग पंगत कसली. मला हे बरोबर वाटले नाही. घरातही म्हाताऱ्यांना आधी वाढतात आणि कामावरून येणारा मागाहून बसतो.

ती संध्याकाळ

ठरल्याप्रमाणे सगळे झाले नाही. शाळा सुटून मुले उशिरा आली, भक्ती सव्वापाचऐवजी साडेपाचला सुरू झाली, आणि चौथ्या-पाचव्या स्थानकापासून प्रार्थना आटोपत्या घेण्याची धर्मगुरूंवर वेळ आली. शिक्षकांना वाढले गेले ते साडेसहाला. त्यांनी दीड भाकरी आणि मसूर घाईने संपवला, भात घेतला नाही आणि पाणी पिऊन हात धुतले. त्यांच्या पत्नीने दोन केळी घेतली आणि शेजारी बसलेल्या एका मंगळूरच्या बाईंशी शाळेच्या फीबद्दल बोलत राहिल्या. एवढ्या बैठकांत ज्यांच्या पथ्यावर सर्वांत जास्त बोलले गेले, त्यांना त्या संध्याकाळी पथ्याबद्दल कोणी एक शब्दही विचारला नाही, ही गोष्ट मला समाधानाची वाटली.

सूर्य मावळल्यावर रोजेदारांपुढे खजुरांची ताटली ठेवली. त्यांतले एक गृहस्थ खजूर खाऊन नमाजासाठी बाजूच्या वर्गखोलीत गेले आणि सात-आठ मिनिटांनी पंगतीला आले, तोवर शेजारच्यांनी त्यांच्या पत्रावळीवर भाकरी वाढून ठेवली होती. पाहुण्यांतल्या एका प्रॉटेस्टंट कुटुंबातील काकांनी आपण शुक्रवारी मटण खातो हे उघड सांगितले आणि अख्खा मसूर तीनदा घेतला. मसूर झणझणीत झाला होता. लहान मुलांची पंचाईत झाली आणि ताक वेळेआधी संपले.

मुख्य गडबड झाली ती वाढपात. तिन्ही पातेल्यांच्या पळ्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले होते: मसुराला लाल, जैन पातेल्याला हिरवा, वरीच्या आमटीला पांढरा. गर्दी वाढल्यावर एका वाढपी मुलीने, ती अकरावीत होती, लाल दोऱ्याची पळी चुकून वरीच्या आमटीत घातली आणि त्या आमटीतून माळकरी काकांना वाढले. लक्षात आले तेव्हा काकांनी पहिला घास हातात घेतला होता. पळीला चिकटलेला मसूर म्हणजे एकादशीला धान्य आणि वर कांदा-लसूणही. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आले नव्हते. ती मुलगी क्षणभर थांबली आणि मग काकांजवळ जाऊन म्हणाली, “काका, चुकून मसुराची पळी या आमटीत गेली. तुम्ही हे घेऊ नका.” काकांनी घास पत्रावळीवर ठेवला. “सांगितलासा, बरं केलासा,” एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी वरी बाजूला सारली, दोन केळी आणि एक पेला दूध घेतले आणि पंगत उठेपर्यंत बसून राहिले.

या मुलीचे वागणे बैठकीतल्या अटीतूनच आले होते. भांड्यांबद्दल पाहुण्यांना आधीच खरे सांगितलेले असल्याने वाढणाऱ्या पोरीलाही खरे सांगणे सोपे गेले. भाड्याची भांडी आणून सगळे निर्दोष आहे असा आव आणला असता, तर तिला गप्प बसणे सोपे गेले असते, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही.

जमाखर्च आणि राहिलेले प्रश्न

भाकऱ्या सत्तरच्या आसपास उरल्या. घरोघरी दहा सांगितल्या तरी बऱ्याच घरांनी बारा दिल्या होत्या. उरलेल्या भाकऱ्या आणि मुख्य पातेल्यातला मसूर रात्री सरकारी सीपीआर रुग्णालयाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना वाटण्यात आला. ही तयारी आधी केलेली नव्हती, दोघा तरुणांनी मोटारसायकलवरून नेऊन दिला. पुढच्या वेळी उरणारे अन्न कुठे जाणार हे स्वयंपाकाआधी ठरवायला हवे. रात्री आठनंतर शंभर माणसांचे उरलेले अन्न घेऊन जागा शोधत फिरणे ही त्या मुलांनी उगाच सोसलेली दगदग होती.

निधीची पेटी त्याच रात्री मोजली आणि कारितास इंडिया या कॅथॉलिक समाजसेवी संस्थेच्या उपवासकाळातील भूक व रोगराईविरोधी अभियानासाठी रक्कम वेगळी काढली. गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, यावरून यश मोजू नये असे माझे मत आहे. एका केटररची जिलेबी न आल्याने त्यात पडलेली भर मात्र खरी होती.

समितीतील दोघांचे मत अजूनही असे आहे की पाहुण्यांना शुक्रवारी बोलवूच नये. उपवासकाळ हा घरचा, आतला काळ आहे, आणि पाहुणे आले की सगळे लक्ष वाढपाकडे जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. त्या संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची शेवटची स्थानके घाईत झाली, आणि भक्तीला आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी ते बोलून दाखवले. पण त्यावर उपाय पाहुणे वगळणे हा नाही. भक्ती नेहमीच्या वेळी ठेवून जेवण वेगळ्या दिवशी, रविवारी दुपारी ठेवावे, असे सुचवले गेले, तेव्हा धर्मगुरूंनी एक अडचण दाखवली: उपवासकाळातील रविवार चाळीस दिवसांत मोजले जात नाहीत आणि त्या दिवशी मांसवर्जन नसते. रविवारी मटण सोडून भाकरी-मसूर खा असे कोल्हापुरात सांगायला वेगळे धैर्य लागेल, ते आपल्याकडे तूर्त नाही, असे ते म्हणाले.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि रमजान त्याच सुमारास सुरू होईल, म्हणजे फेब्रुवारीतले शुक्रवार पुन्हा रोज्यांत येतील. मार्चच्या १९ तारखेचा शुक्रवार मोकळा दिसला म्हणून कोणीतरी तो सुचवला. तो संत योसेफाच्या महोत्सवाचा दिवस असल्याने १२५१ व्या कलमानुसार त्या शुक्रवारी मांसवर्जन लागू होत नाही, हे हिशेबनीसांनी दाखवून दिले आणि तो बाद झाला. तूर्त २६ फेब्रुवारी ठरला आहे, भक्ती पाचला, सभागृह आधीच राखून ठेवले आहे, आणि भाकऱ्या दर घरी आठ सांगायच्या आहेत.